कॉम्प्युटर मेला म्हणू नको, आधी भिंतीतली लाईन बघ

मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की आठवड्याभरात अशी पत्रं यायला लागतात, टीव्ही गेला, राऊटर गेला, कॉम्प्युटर गेला. या वेळी तीन पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या पोराचे कष्टाचे पैसे अडकलेत अन् त्याला घाईत चुकीचा सल्ला मिळालाय असं मला वाटतं.

प्रश्न: दादा नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं पैसे जमवले अन् बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून थोडे दिले, असं करून गेमिंग कॉम्प्युटर बनवला. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम. मागच्या आठवड्यात संध्याकाळी वारं सुटलं, लाईन कमीजास्त झाली, ओसरीतला बल्ब एकदम पांढराफट्ट पेटला, मग फट्ट असा आवाज झाला अन् कॉम्प्युटर बंद. तेव्हापासून बटन दाबलं तर काहीच नाही, पंखा नाही, लाईट नाही, आवाज नाही. तालुक्याच्या दुकानात नेला तर ते म्हणतात मदरबोर्ड गेला, ग्राफिक कार्ड पण गेलं असेल, २५ हजार लागतील. बाबा म्हणतात विकून टाक भंगारात. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा, ५०० वॉटचा आहे, बनवताना दुकानातूनच मिळाला होता, बॉक्स वगैरे काही नव्हता. खरंच सगळं गेलं का? अन् नवीन एसएमपीएस घ्यायचा तर कोणता घेऊ?

उत्तर: बेटा, काहीच विकू नको अजून. अन् २५ हजार तर बिलकुल काढू नको, कारण दुकानात कोणी मीटर लावून पाहिलं असं तुझ्या पत्रात कुठंच नाही, नुसतं बटन दाबून बोर्ड गेला म्हणणं म्हणजे पेशंटची नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणं.

तू पत्रात एक गोष्ट लिहिली ती माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे, बल्ब पांढराफट्ट पेटला. लाईन कमी झाली की बल्ब पिवळा पडतो, पांढराफट्ट होत नाही. पांढराफट्ट झाला म्हणजे घरात २३० च्या बरंच वर व्होल्टेज आलं, अन् वाऱ्यात असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीवरून तीन फेज निघतात अन् एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, गावातली घरं या तीन फेजवर वाटलेली असतात, कोणी या फेजवर कोणी त्या. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येकाला आपल्या फेजचे २३० मिळतात. तो तुटला की दोन फेजमधले जवळजवळ ४०० व्होल्ट दोन घरांत वाटले जातात, ज्या घरात लोड जास्त त्याला कमी मिळतं अन् ज्या घरात दोनच बल्ब चालू आहेत त्याच्या वाट्याला ३००-३५० येतात. म्हणून पहिले शेजारीपाजारी विचार, त्याच संध्याकाळी कोणाचा फ्रीज, कोणाचा टीव्ही, कोणाचे बल्ब गेले का. दोनचार घरात गेले असतील तर कारण हेच समज, अन् न्यूट्रल नीट जोडला गेला का ते लाईनमनला विचारून घे, मगच पुढं काही सॉकेटमध्ये लाव.

आता तो फट्ट आवाज. माझ्या टेबलावर आत्ता असाच एक एसएमपीएस उघडून ठेवलाय, याच महिन्यात आलेला. आत वायर येते तिथंच काचेचा फ्यूज आहे, काच आतून काळी-चंदेरी झालीय, जसा कंदिलाचा काच काजळतो तशी. त्याच्या बाजूला नाण्याएवढी निळी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात, व्होल्टेज फार वाढलं की ती आपल्या अंगावर घेते अन् फ्यूज उडवते. ती मधोमध फाटलीय. म्हणजे त्या एसएमपीएसनं स्वतः मरून मागच्याला वाचवलं, बोर्ड, कार्ड, हार्डडिस्क सगळं ठीक निघालं. पण बिनाबॉक्सचे जे हलके एसएमपीएस येतात त्यात मी कित्येकदा बघितलंय की पट्टीवर या चकतीची जागा छापलेली असते अन् तिथं चकतीच नसते, फिल्टरच्या कॉईलच्या जागी नुसता तारेचा तुकडा टाकलेला असतो. तुझा त्यातला निघाला तर बोर्डापर्यंत काही गेलंच नसेल अशी गॅरंटी मी देणार नाही, पण तरी अशा वेळी बहुतेकदा एकटा एसएमपीएसच मेलेला असतो, अन् तपासल्याशिवाय आपण काही मानायचं नाही.

तू स्वतः मात्र तो उघडू नको. वायर काढलेली असली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट भरलेले राहू शकतात, चांगल्या एसएमपीएसमध्ये तर चारशेच्या जवळ, अन् तो झटका साधा नसतो.

बाहेरून तपासायला एक साधा मल्टिमीटर पुरतो, गावात मोटर बांधणाऱ्याकडे असतोच. आधी सॉकेट, मोबाईलचा चार्जर लावून बघ लाईन येते का. मग कॉम्प्युटरची मागची वायर बदलून बघ, बहुतेकदा मॉनिटरचीच वायर तिथं बसते. एसएमपीएसचं मागचं बटन चालू आहे ना ते बघ, साफसफाईत कोणाच्या हातानं बंद झालेलं मी पाहिलंय. आता कॅबिनेटचं झाकण काढून अंधारात बघ, बऱ्याच बोर्डांवर नुसती लाईन आली की एक बारीक लाईट लागतो. तो लागत नसेल तर बोर्डावरची ती लांब २४ पिनची वायर काढ, काढताना भिंतीचं बटन बंद अन् वायर बाहेर. मग लाईन परत दे अन् मीटर डीसी २० वर ठेवून काळी तार काळ्या वायरच्या पिनमध्ये, लाल तार जांभळ्या वायरच्या पिनमध्ये लाव. तिथं कॉम्प्युटर बंद असताना पण ५ व्होल्ट पाहिजेत, ४.७५ ते ५.२५ च्या आत. शून्य आलं तर एसएमपीएस मेला, त्यात वाद नाही, अन् दुकानातलं 'बोर्ड गेला' हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

जांभळ्यावर ५ आले तर अजून एक पायरी आहे. लाईन बंद करून हिरव्या वायरची पिन (एकच असते) अन् शेजारची कोणतीही काळी यांना पेपर क्लिपनं जोड, एसएमपीएसला कॅबिनेटचा एखादा पंखा जोडून ठेव म्हणजे थोडा लोड राहील, मग लाईन दे. पंखा फिरला तर पिवळ्यावर १२ मोज, ११.४ ते १२.६ चालतात, लालवर ५, नारिंगीवर ३.३. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतील तर हा प्रयोग करू नको, चुकीची पिन जोडली जाते. अन् एक ध्यानात ठेव, पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं नाही, रिकाम्या बैलगाडीला मरतुकडा बैल पण ओढतो, लोडवर काय होतं ते लोड दिल्यावरच कळतं.

म्हणून खरी परीक्षा म्हणजे कोणाचा तरी चालू, चांगला एसएमपीएस दोन तासासाठी मागून आण. मित्राचा, कॉलेजच्या लॅबमधल्या सरांचा. २४ पिन लाव अन् प्रोसेसरजवळची ८ पिनची (कुठं ४ पिनची असते) वायर विसरू नको, ती राहिली तर पंखे फिरतात अन् स्क्रीनवर काही येत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. पहिल्यांदा ग्राफिक कार्ड काढून चालू कर. तुझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, म्हणजे त्याच्यात स्वतःचं डिस्प्ले नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार, त्यावरून बोर्ड मेला असं समजू नको, पंखा फिरतो का अन् फिरत राहतो का एवढंच बघ. फिरत राहिला तर बंद करून कार्ड लाव. कार्ड लावल्याबरोबर बंद पडत असेल तर संशय कार्डावर. कार्डाशिवाय पण हलत नसेल तर समोरच्या बटनाच्या दोन बारीक वायरी बोर्डावरून काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव, कधी कधी नुसतं बटनच गेलेलं असतं. मग लाईन बंद करून रॅम काढ, तिची पितळी कडा खोडरबरनं हलकी पुसून एकच रॅम लाव, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत बसव. एवढं सगळं करून पण चांगल्या एसएमपीएसवर काहीच झालं नाही तर बोर्डावर ये, त्याच्या आधी नाही.

आता कोणता घ्यायचा. आधी तुझ्या जुन्याचं स्टिकर वाच, त्यात +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघ. तुझ्या कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा खाऊ याच १२ व्होल्टवर असतो. बऱ्याच बिनाबॉक्सच्या '५०० वॉट'वर तिथं १६ अँपिअर असतात, १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. एकटं तुझं आरटीएक्स ३०६० पूर्ण जोरात १७० वॉट घेतं अन् १२४००एफ जोर लावला की ११७ पर्यंत जातो. म्हणजे २८७, वर बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून साडेतीनशेच्या आसपास. १९२ वॉटवर साडेतीनशेचं ओझं! न्यूट्रल तुटला नसता तरी तो उन्हाळा काढू शकला नसता. अन् अजून एक बघ, कार्डाला ८ पिनची वायर सरळ एसएमपीएसमधून आलीय की दोन चार-पिनी वायरी जोडून कन्व्हर्टर लावलाय. कन्व्हर्टर असेल तर तो नव्यावर लावायचाच नाही, फेकून दे, ८ पिनमधून १५० वॉट जाऊ शकतात अन् त्या बारीक वायरी तेवढं झेलायला नसतात, वितळलेले मी हातात घेतलेत.

तुला ५५० वॉटचा चांगला पुरतो, ३०६० साठी कार्डवाले पण ५५० च सांगतात. पुढं मोठं कार्ड टाकायचं असेल तर ६५० घे. चांगल्या ५५० च्या स्टिकरवर १२ व्होल्टला ४० च्या वर अँपिअर असतात, हीच खूण धर. कोर्सेअर, सीझनिक, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय, अँटेक यांचे मिळतात, पण नुसत्या नावावर जाऊ नको, एकाच कंपनीत हलकी मालिका पण असते अन् भारी पण, म्हणून वॉरंटी बघ. ५ वर्षांची असेल तर घे, १० असेल अन् खिसा मानत असेल तर अजून चांगलं, २-३ वर्षांचा असला तर पुढं सरक. साधारण ४-५ हजारात तुझं काम होईल, अन् पक्कं बिल घे, बिलाशिवाय वॉरंटीचा काही उपयोग नाही.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड असं लिहिलेलं असतं त्यानं लोक फसतात. ते फक्त वीज किती वाया जात नाही त्याचं सर्टिफिकेट आहे, टिकण्याचं नाही. तरी ब्राँझच्या खाली जाऊ नको. त्यापेक्षा आपल्याकडे दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. एक, इनपुट. काही एसएमपीएसवर २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ब्राँझमधले पण काही असेच असतात, अन् काहींवर १००-२४०. संध्याकाळी गावात सगळ्यांच्या मोटरी अन् कूलर सुरू झाले की तुझ्या सॉकेटमध्ये १७०-१८० राहत असतील, तर तुला १००-२४० वालाच पाहिजे, मग वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नाही. दुसरी, गरमी. कंपनीच्या माहितीत पूर्ण वॉट किती डिग्रीपर्यंत मिळतील ते दिलेलं असतं, कुठं ४० कुठं ५०. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ असतात अन् पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आत अजून जास्त. ५० वाला मिळाला तर तोच घे.

जुन्याच्या वायरी नव्याला लावू नको, दोन्ही एसएमपीएस सुट्या, काढता येणाऱ्या वायरींचे असले तरी. बोर्डाकडचं टोक सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या पिना प्रत्येकाच्या वेगळ्या, एका पोरानं तसं करून एसएसडी जाळली, त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते.

नवा आणला की लगेच लावू नको. वायरमनला बोलव अन् सॉकेट तपासून घे, फेज-न्यूट्रल किती, न्यूट्रल-अर्थिंग किती (दोनतीन व्होल्टच्या वर नको). अन् मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर टाकून घे, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो घराची लाईनच तोडून टाकतो. बाजारातले साधे स्पाईक गार्ड न्यूट्रल तुटल्यावर कामाचे नाहीत, त्यांच्यात तीच निळी चकती असते अन् ती क्षणभराच्या झटक्यासाठी आहे, दहा मिनिटं ३५० व्होल्ट आले तर ती जळून मोकळी होते. प्रोटेक्टरनं तुझा कॉम्प्युटर पण वाचेल अन् आईचा फ्रीज पण. बाबांना तसंच सांग, फ्रीजचं नाव घेतलं की ते ऐकतील.

प्रश्न: भाऊ, मी आर्वीजवळच्या गावात शाळेत शिकवते. मुलाच्या कॉम्प्युटरच्या डब्याला अनवाणी पायानं उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त. वायरमन म्हणाले कॉम्प्युटरलाच खराबी आहे, एसएमपीएस बदला. बदलला, तरी तेच. काय करू?

उत्तर: ताई, दुसरा बदलू नका, तिसऱ्यालाही तेच होईल. एसएमपीएसच्या आत फेज अन् न्यूट्रल दोन्हीकडून अर्थिंगला बारीक कपॅसिटर जोडलेले असतात, त्यातून येणारा थोडासा करंट अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसली की त्याला रस्ता नाही, डब्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, बसून राहतं अन् मुलगा हात लावतो तेव्हा त्याच्यातून जातं. करंट थोडा असतो म्हणून झिणझिण्याच येतात, पण ही खूण आहे की तुमच्या घरात अर्थिंग चालत नाही, अन् उद्या गिझर किंवा कूलरची फेज बॉडीला लागली तर तिथं झिणझिण्यांवर थांबणार नाही.

वायरमनला सांगा, मीटरवर नाही, ६० वॉटच्या बल्बवर दाखव. फेज अन् अर्थिंगच्या मधात बल्ब धरला तर तो पूर्ण पेटला पाहिजे. मीटर फसवतो, त्याला करंट फार थोडा लागतो म्हणून तुटक्या अर्थिंगवर पण २३० दाखवतो. बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंगचा खड्डा बघा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात अन् पाईप जमिनीला धरत नाही, दर आठपंधरा दिवसांनी बादलीभर पाणी टाकायचं असतं ते कोणी टाकत नाही. तुम्हाला पावसाळ्यात जास्त जाणवतं म्हणजे ओली फरशी अन् अनवाणी पाय, त्यामुळे मुलाला तोपर्यंत चप्पल घालून बसायला सांगा, खाली लाकडी पाट ठेवा.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलला तार मारून अर्थिंगच्या पिनला जोडतात, झिणझिण्या लगेच थांबतात अन् घरवाले खूश. वरच्या पोराच्या गावात न्यूट्रल तुटला ना, तसा तुमच्याकडे तुटला तर कॉम्प्युटरचा सगळा पत्रा फेजवर येईल. तुमच्या सॉकेटमध्ये अशी तार आहे का ते आजच उघडून बघायला लावा.

प्रश्न: मेहकर तालुका. नवीन ६५० वॉट गोल्ड एसएमपीएस टाकला. आधी ६०० व्हीएच्या यूपीएसवर लाईन गेली तरी कॉम्प्युटर चालायचा, आता लाईन गेली की सरळ बंद. एसएमपीएस खराब निघाला का?

उत्तर: बहुतेक नाही भाऊ. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नाही, अशा यूपीएसमधून खरे ३६० च्या आसपास मिळतात, अन् त्यात मॉनिटर पण धरायचा. दुसरं, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्याची लाईन देतो, डब्यावर 'सिम्युलेटेड साईन वेव्ह' असं लिहितात, अन् नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (लाईन नीट ओढून घेणारं सर्किट) असतं त्यातल्या काहींना ती पचत नाही. दोन्हीतलं कोणतं ते तुम्हीच ठरवू शकता. गेम बंद करून नुसता डेस्कटॉप ठेवा अन् यूपीएसची भिंतीतली पिन काढा. तेव्हा चालला अन् गेममध्ये बंद पडला तर लोडचं काम आहे, १००० व्हीएचा घ्या. डेस्कटॉपवर पण बंद पडला तर आधी यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी तपासा, दोनतीन उन्हाळे झाले असतील तर ती गेलेली असते, अन् बॅटरी नवी टाकूनही तसंच झालं तर प्युअर साईन वेव्हचा यूपीएस लागेल. हे करायच्या आधी चालू असलेलं काम सेव्ह करून घ्या, अन् प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढून भिंतीत लावा.